तांबी बसवताना आणि काढताना: भीती, दुखणं आणि आपल्या हातात असलेल्या गोष्टी

"बाळंतपण झालंय ना तुमचं? मग एवढ्याशा तांबीला काय घाबरता?"

तांबी, म्हणजे दिवस जाऊ नयेत म्हणून गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, बसवून घ्यायला टेबलावर आडवी असताना मला हे ऐकावं लागलं होतं. माझं बाळंतपण सिझरने झालं होतं, तेही कळा सुरू व्हायच्या आधीच. म्हणजे गर्भाशयाचं तोंड कधी उघडलेलंच नव्हतं. हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. पुढच्या पाच मिनिटांत काय चाललंय याचा मला काही पत्ता नव्हता. एक जोरात कळ आली, मी पाय आखडले, "हलू नका" असा आवाज आला. उठून बसले तर कानात गुंई आवाज आणि डोळ्यांपुढे अंधारी. सिस्टरने मला पुन्हा आडवं केलं.

पाच वर्षांनी ती तांबी काढून दुसरी बसवायची वेळ आली, तेव्हा महिनाभर मी नुसती तारीख पुढे ढकलत होते. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि आधीचा सगळा प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, "प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मी सांगेन. तुम्ही 'थांबा' म्हणालात की मी थांबणार." त्या दिवशीही दुखलं, पण मी घाबरलेली नव्हते. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत जो फरक पडला, त्यातल्या बऱ्याच गोष्टी कोणत्याही बाईला आधी ठरवून करता येतात. त्याच इथे लिहिते आहे.

आधी वस्तू नीट बघून घ्या

डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात नमुन्याची तांबी असते. ती हातात मागा. कॉपर-टी ३८० ए ही मऊ प्लॅस्टिकची इंग्रजी टी अक्षरासारखी वस्तू. लांबी साधारण साडेतीन सेंटीमीटर, रुंदी त्याहून थोडी कमी, अंगावर तांब्याची बारीक तार आणि खाली दोन दोरे. हात वाकवून बघा, सहज दुमडतात. आत जाताना ते दुमडलेलेच असतात आणि गर्भाशयात गेल्यावर उघडतात. ज्या नळीतून ती आत जाते ती साध्या स्ट्रॉपेक्षा किंचित बारीक असते. तांबी ही नळीच आहे आणि ती आयुष्यभर आत राहते, असा माझ्या ओळखीच्या एकीचा कितीतरी वर्षं समज होता. नळी लगेच बाहेर येते.

सरकारी दवाखान्यात दोन प्रकार मोफत मिळतात: ३८० ए, जी १० वर्षं चालते, आणि ३७५, जी ५ वर्षं चालते. खासगीत हार्मोनची तांबीही मिळते. ती बरीच महाग असते, पण पाळीतला रक्तस्राव कमी करते. बसवायची आणि काढायची पद्धत जवळपास सारखीच, त्यामुळे बसवण्या-काढण्याबद्दल पुढे लिहिलेलं तिलाही लागू आहे.

भीती नेमकी कशाची, ते ओळखा

"मला भीती वाटते" म्हटलं की समोरची व्यक्ती "काही होत नाही" म्हणते आणि बोलणं संपतं. म्हणून भीतीला नाव द्या. दुखण्याची? चक्कर येण्याची? परक्यासमोर तसं झोपण्याची? की तांबी आत हरवेल याची? प्रत्येकीवर उपाय वेगळा आहे.

तांबी छातीत जाते, डोक्यात चढते, हे आपल्या आज्या सांगायच्या. त्याला इतिहास आहे. १९६५ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात लूप, म्हणजे तांबीचा जुना, प्लॅस्टिकचा प्रकार, आला. शिबिरांमधून तो मोठ्या संख्येने बसवला गेला, पण नंतर रक्तस्राव झाला, पोटात दुखलं, तर विचारायला जायचं कुठे हे अनेकींना कळत नव्हतं. अशा ठिकाणी अफवा पसरणारच. खरं काय ते असं: गर्भाशयातून छातीकडे किंवा डोक्याकडे जाणारा रस्ताच नाही. क्वचित, हजारात एक-दोन जणींमध्ये, बसवताना गर्भाशयाच्या भिंतीला छिद्र पडतं आणि तांबी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. तसं झालं तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती काढतात. त्याहून जास्त वेळा घडते ती उलटी गोष्ट, तांबी आपोआप बाहेर पडणं. वीसजणींत साधारण एकीची पडते, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत.

परक्यासमोर झोपण्याची लाज किंवा जुन्या वाईट अनुभवामुळे स्पर्शाचीच भीती, ही सांगायला सगळ्यात अवघड. तपशील सांगायची गरज नाही. "मला या तपासणीचा आधी फार त्रास झालाय, सावकाश करा" एवढं पुरे. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठी लिहून केसपेपरबरोबर द्या. साध्या तपासणीतही अंग आपोआप आवळलं जात असेल तर तेही आधीच सांगा. स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनीमार्ग उघडा धरणारं उपकरण, स्वतःच्या हाताने आत सरकवायची मुभा मागता येते, आणि काही डॉक्टर ती आनंदाने देतात.

आठ-दहा दिवस आधी: डॉक्टरांशी एकदा फक्त बोलायला जा

ही भेट टाळू नका. विचारायला आलात त्याच दिवशी "चला, बसवूनच टाकू" असं होऊ देऊ नका, तुमची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. या भेटीत पुढचं सांगा आणि विचारा.

बाळंतपण कसं झालं? फक्त सिझर झालं असेल किंवा मूल झालेलं नसेल तर दुखणं जास्त असू शकतं. पाळीत फार दुखतं का? सुई टोचताना, रक्त बघताना कधी चक्कर आली आहे का? पूर्वीची तांबी बसवताना काय झालं? दमा, अल्सर, किडनीचा आजार, औषधाची ॲलर्जी आहे का? गरोदरपणाची थोडीही शंका, अंगावरून घाण वासाचं पाणी, ओटीपोटात जंतुसंसर्ग, कारण न कळलेला रक्तस्राव, तांब्याची ॲलर्जी यांतलं काही असेल तर तेही सांगा. अशा वेळी आधी तपासणी लागते.

मग थेट विचारा: "दुखू नये म्हणून तुमच्याकडे काय सोय आहे?" हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, जणू आपण नाजूकपणा करतोय. अजिबात नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलंय की तांबी बसवण्याआधी प्रत्येक बाईशी दुखण्याबद्दल बोलावं. बधिरतेचं औषध, म्हणजे लिडोकेन, जेल किंवा स्प्रे म्हणून, किंवा गर्भाशयाच्या तोंडाजवळ इंजेक्शन देऊन वापरल्याने काहीजणींचं दुखणं कमी होऊ शकतं, हेही त्यात आहे. इंजेक्शन स्वतः थोडं टोचतं. प्रत्येक उपकेंद्रात ही सोय नसते. तुमची भीती मोठी असेल तर ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचे खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडे आधी चौकशी करा. फारच असह्य वाटत असेल तर गुंगी देऊनही हे करता येतं. पण त्याला भूलतज्ज्ञ लागतात, खर्च वाढतो आणि उपाशीपोटी जावं लागतं.

तांबी बसवायला नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. कोणी मागितली तर शांतपणे तसं सांगा.

दिवस कोणता निवडायचा? पाळीच्या शेवटच्या दिवसांत बसवायची पद्धत आहे, कारण तेव्हा गरोदर नसल्याची खात्री असते. त्याच दिवसांत कमी दुखतं असं मात्र धरून चालू नका. गरोदर नाही हे पक्कं असेल तर महिन्यात कधीही बसवता येते. म्हणून सोबत कोण येणार, मूल कोण सांभाळणार, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळेल का, हे बघून तारीख घ्या.

त्या दिवशी सकाळी

खाऊन जा. हे मी पुन्हा सांगते, कारण माझ्या पहिल्या वेळची चक्कर अर्धी यामुळेच होती. तो चतुर्थीचा दिवस होता आणि पोटात फक्त चहा होता. उपवासाचा दिवस टाळाच. पोहे, उपमा, भाकरी-भाजी, जे नेहमी खाता ते पोटभर खा, पाणी प्या. गुंगी ठरली असेल तरच डॉक्टर सांगतील तसं उपाशी राहा.

दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, खाल्ल्यानंतर, साधारण तासभर आधी घ्या. बहुतेकजणी आयब्युप्रोफेन ४०० किंवा नॅप्रोक्सेन घेतात. खरं सांगायचं तर आयब्युप्रोफेन बसवतानाची कळ फारशी कमी करत नाही, पण नंतरचे पेटके कमी करायला मदत होते. दमा, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या मनाने घेऊ नका.

कपड्यांचा विचार नक्की करा. सलवार किंवा जीन्स असेल तर सगळं उतरवावं लागतं आणि उघडं पडल्यासारखं वाटतं. साडी, घेरदार स्कर्ट किंवा लांब गाऊन असेल तर फक्त वर सरकवायचं. मी दुसऱ्या वेळी एक जुनी सुती ओढणी नेली होती, गुडघ्यांवरून पसरायला. ती अंगावर असणं हा मोठा आधार होता. पिशवीत पॅड, जास्तीची निकर, पाण्याची बाटली आणि काहीतरी गोड ठेवा. दुचाकीवर एकटीने जाऊ नका.

सोबत आई, बहीण, मैत्रीण, नवरा, जी व्यक्ती "थोडं सहन कर" म्हणणार नाही अशी न्या. गावात आशाताई सोबत येतात. त्या आत थांबू शकतील का, हे आधी विचारून ठेवा.

टेबलावर: एकेक पायरी

सगळं मिळून पाच ते दहा मिनिटं लागतात. प्रत्यक्ष कळ येणारे क्षण त्यात तीन आहेत, आणि प्रत्येक काही सेकंदांचा. हे तीन क्षण कधी येणार हे माहीत असणं, हीच माझ्या मते सगळ्यात मोठी वेदनाशामक गोष्ट.

सुरुवातीलाच डॉक्टरांशी ठरवून घ्या: "मी हात वर केला की थांबा." आणि "काही करायच्या आधी सांगा." काहीजणींना उलट काहीच ऐकायचं नसतं, त्यांना गप्पा हव्या असतात. तसं असेल तर तेही सांगा, किंवा कानात गाणी लावा.

प्रथम बोटांनी आतली तपासणी होते, गर्भाशय कुठल्या बाजूला कललेलं आहे ते कळण्यासाठी. मग स्पेक्युलम. तो गार असतो आणि ट्रेमधला त्याचा खणखणाट ऐकूनच पोटात गोळा येतो. कोमट पाण्यात धरून घ्यायला सांगता येतं. या वेळी "ढिलं सोडा" म्हटल्याने कोणी ढिलं पडत नाही. त्याऐवजी कमरेचा खालचा भाग टेबलात रुतवायचा, जणू मऊ गादीत बसतोय तसा. आणि ओठांचा चंबू करून फुंकर, गरम चहावर मारतो तशी, लांब आणि सावकाश. श्वास सोडताना खालचे स्नायू आपोआप सैल होतात. पायाची बोटं हलवत राहा. मन तिकडे जातं.

मग आयोडीनसारख्या औषधाने आतली जागा पुसतात, ते ओलं आणि गार लागतं. बधिरतेचं औषध ठरलं असेल तर ते आता देतात. त्याचा परिणाम व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढं थांबायला सांगा.

पहिला क्षण: गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरतात. चिमटा लागल्यासारखं होतं. काही डॉक्टर नेमक्या त्या वेळी खोकायला सांगतात, त्याने कमी जाणवतं.

दुसरा क्षण: एका बारीक सळीने गर्भाशयाची खोली मोजतात. साधारण सहा ते नऊ सेंटीमीटर. ही कळ पाळीच्या कळेसारखी पण अचानक असते, आणि सगळ्यात जास्त हीच घाबरवते, कारण ती आतून, खोलवरून येते. मोजमाप टाळायचं नसतं. तांबी योग्य जागी बसावी आणि भिंतीला इजा होऊ नये म्हणून ते करतात.

तिसरा क्षण: नळी आत जाते, तांबी उघडते, नळी बाहेर. पुन्हा कळ. मी दुसऱ्या वेळी फुंकर मारत मनात आकडे मोजले. आठपर्यंत पोचले तोवर डॉक्टर म्हणाल्या, "झालं, आता फक्त दोरे कापते." तीन-चार सेंटीमीटर दोरा ठेवून बाकीचा कापतात, त्याचं काही जाणवत नाही.

मधेच असह्य झालं तर हात वर करा. थांबून श्वास घेऊन पुढे जाता येतं, किंवा आजचं रद्द करून बधिरतेची सोय असलेल्या ठिकाणी पुन्हा जाता येतं. अर्ध्यावरून उठून येण्यात कमीपणा नाही.

चक्कर येणाऱ्यांसाठी खास

गर्भाशयाच्या तोंडाला धक्का लागला की काहीजणींचा रक्तदाब आणि नाडी एकदम उतरतात. घाम, मळमळ, कानात आवाज, अंधारी. घाबरवणारं असतं, पण बहुतेक वेळा आडवं राहिलं की काही मिनिटांत जातं. रक्त पाहून किंवा सुईने चक्कर येणाऱ्यांना स्नायू आवळायची एक युक्ती शिकवतात, ती घरी आठवडाभर करून बघा: दंड, मुठी, मांड्या एकदम आवळा, चेहरा गरम वाटेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंद. मग अर्धा मिनिट सोडा, पूर्ण सैल न पडता. असं पाचदा. टेबलावर चढण्याआधी आणि सगळं झाल्यावर हे करा. तपासणी चालू असताना फक्त मुठी आणि दंड आवळा, खालचा भाग सोडून.

संपल्यावर लगेच उठू नका. दहा-पंधरा मिनिटं आडव्या राहा, मग कुशीवर वळून, मग बसून, मग उभ्या. बाहेर रांग असली तरी ही पंधरा मिनिटं तुमची आहेत.

घरी आल्यावर

पेटके काही तास, कधी दोन-तीन दिवस येत-जात राहतात. गरम पाण्याची पिशवी, गोळी, आणि त्या दिवशी हंडे-बादल्या उचलायला सुट्टी. थोडं रक्त किंवा तपकिरी डाग काही दिवस दिसू शकतात. पहिले एक-दोन दिवस संबंध, टॅम्पॉन, पाळीचा कप टाळा. पुढे कप वापरत असाल तर काढण्याआधी बोटाने दाबून त्यातली हवा सोडा. ओढून काढलात तर दोऱ्याबरोबर तांबीही खेचली जाऊ शकते.

तांब्याच्या तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त आणि जास्त दिवस जाते. हे आधी सांगितलं जात नाही आणि मग "तांबी मानवली नाही" म्हणून घाईने काढली जाते. आपल्याकडे रक्त आधीच कमी असतं, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिल्या असतील तर लोहाच्या गोळ्या चुकवू नका. पहिल्या पाळीनंतर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, दोरा बघून घ्यायला जा.

थांबायचं नाही असं केव्हा? ताप आणि ओटीपोटात वाढतं दुखणं, घाण वासाचं पाणी, तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव सलग दोन तास, पाळी चुकणं, दोरा हाताला न लागणं किंवा एकदम लांब लागणं, बोटाला प्लॅस्टिक टोचणं. यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

काढताना

बसवण्याच्या आठवणीने काढायची भीती वाढते, पण बहुतेकींना काढणं खूपच सोपं जातं. स्पेक्युलम लागतो, पण बहुतेक वेळा चिमटा नाही, मोजमाप नाही. दोरा पकडून सावकाश ओढतात, तांबीचे हात वर दुमडतात आणि ती बाहेर येते. एक कळ, काही सेकंद. त्या क्षणी खोका किंवा लांब फुंकर मारा. दोरा स्वतः घरी ओढायचा प्रयत्न मात्र करू नका.

तांबी कधीही काढून मागता येते, कारण न सांगता. "अजून तीन महिने थांबा" हा सल्ला कधी कधी रास्त असतो, कारण रक्तस्राव खरंच कमी होत जातो, पण तो सल्लाच आहे. निर्णय तुमचा.

दोरा दिसत नाही असं सांगितलं तर घाबरू नका. बऱ्याचदा तो आत गुंडाळलेला असतो आणि बारीक ब्रशने बाहेर येतो. नाही आला तर सोनोग्राफी, गरज पडली तर एक्स-रे. आत रुतलेली असेल तर दुर्बिणीने, भूल देऊन काढतात. दोरा सापडत नसताना जागेपणी पुन:पुन्हा शोधाशोध चालू राहिली तर "सोनोग्राफी करून मग बघू या" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

पाळी गेलेल्या बायकांची गोष्ट वेगळी. माझ्या मावशीची तांबी पाळी जाऊन सहा वर्षं झाली तरी आत होती, ती विसरलीच होती. या वयात जागा कोरडी आणि तोंड अरुंद झालेलं असतं, म्हणून काढताना जास्त दुखू शकतं. तिच्या डॉक्टरांनी आधी काही आठवडे लावायला इस्ट्रोजेनचं मलम दिलं, मग तारीख दिली. तुमच्या आई-सासूला, मावशीला एकदा विचाराच, त्यांची काढलेली आहे का.

मूल हवं म्हणून काढत असाल तर थांबावं लागत नाही, त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात. मूल नको असेल आणि नवी बसवायची नसेल तर काढण्याआधीचे सात दिवस संबंध टाळा किंवा निरोध वापरा, कारण शुक्राणू काही दिवस आत जिवंत राहतात. जुनी काढून लगेच नवी बसवता येते, एकाच बैठकीत, मी तशीच बसवली. तांबीच्या कार्डावर प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढायचं वर्ष लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कार्ड घर बदलताना हरवतं.